अधिक-उणे

सोहारच्या रिफायनरीत एकवीस वर्षं
मी मीटरं तपासतो.
दाब, तापमान, टाकीतली पातळी.
प्रत्येकाच्या गळ्यात पत्र्याचा बिल्ला:
तपासल्याची तारीख, पुढची तारीख,
आणि किती चुकतं ते, अधिक-उणे.
अजिबात न चुकणारं मीटर मी पाहिलेलं नाही.
दिसलंच कधी,
तर समजायचं काटा अडकलाय.

आता माझ्याच दंडामागे एक चकती आहे,
जुन्या दोन रुपयांच्या नाण्याएवढी,
चौदा दिवसांची पाहुणी.
आत केसासारखी तार,
रक्तात नाही, रक्ताच्या शेजारी,
पेशींमधल्या पाण्यात.
रक्तात काय घडलं
ते शेजारी दहा-पंधरा मिनिटांनी कळतं.
आमच्या देवरुखात उलटं होतं.

पहिल्या दिवशी ती वाट्टेल ते सांगते.
फार्मसीतली मारिसेल म्हणाली, नवीन आहे, रुळू दे.
बोट टोचलं: एकशे चाळीस.
चकती: एकशे अठरा.
दोन्ही आकडे वहीत लिहिले, समोर वेळ लिहिली.
हाताची सवय.

कुमुदच्या फोनवरही माझी रेघ दिसते.
इथे रात्रीचे दोन चाळीस,
तिकडे चार वाजून दहा.
"चोपन्न दाखवतंय. उठा.
आधी साखर तोंडात घाला, मग बोला."
बिनोयने दिवा लावला,
खजुराचा डबा उघडून उशाशी उभा राहिला,
बनियनवर, पहारेकऱ्यासारखा.
एक खजूर चघळत बोट टोचलं.
सत्त्याण्णव.
डाव्या कुशीवर झोपलो होतो,
अंगाचं सगळं ओझं चकतीवर.
दाबलेलं मीटर खालीच दाखवणार,
हे मला कळायला नको?
पण चिडलो तिच्यावर.
बिनोयची पहाटेची पाळी, माझी झोप,
काहीतरी अधिक-उणं बोलून गेलो.
ती म्हणाली, "बरं.
चुकीचा होता ना आकडा? मग बरं."

ऑगस्टमध्ये प्लांट बंद ठेवून दुरुस्ती.
आत फोन न्यायचा नाही, ठिणगीचं भय,
म्हणून दिवसभर कुमुदच्या पडद्यावर
मी नसतोच.
सत्तेचाळीस डिग्री, मचाणावर तिसरा मजला,
स्क्रू ड्रायव्हर खाचेत बसेना.
खाच एक होती, दोन दिसत होत्या.
ओठ दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.
उतरलो कसा, आठवत नाही.
लॉकरमधला फोन म्हणाला त्र्याऐंशी,
पुढे खाली तोंड केलेला बाण.
बोट म्हणालं अठ्ठावन्न.
चकती खोटं बोलत नव्हती.
मी मचाणावर होतो तेव्हाचं सांगत होती.

तेवढ्यात कुमुदचा मेसेज:
त्र्याऐंशी, छान आहे, जेवलात का?
तोंडात ग्लुकोजची गोळी विरघळत होती,
घामाने चकतीची पट्टी अर्धी सुटलेली.
लिहिलं, हो.

त्या शुक्रवारी तिला सगळं सांगितलं.
चढताना उशीर, उतरताना उशीर,
कुशीचं ओझं, पहिल्या दिवसाचा वेडेपणा.
दवाखाना सहा पॉइंट दोन म्हणतो
त्याला अठराने गुणलं की आपले एकशे बारा.
आणि मचाणावरचंही सांगितलं, शेवटी.
ती बराच वेळ गप्प होती.
मग म्हणाली, "न चुकणारं काही नसतंच का तुमच्याकडे?"
मी म्हटलं, नसतं.
अडकलेल्या काट्याचं सांगितलं.

काल पुन्हा फोन, तीन वाजता.
अलार्म वाजला नव्हता.
मी उजव्या कुशीवर होतो, चकती मोकळी.
"किती?" मी विचारलं.
"एकशे चार."
"मग?"
"चार तास एकशे चारच.
सरळ रेघ. जराही हलत नाही.
म्हटलं, काटा अडकला की काय."

बिनोय घोरत होता. एसी गुरगुरत होता.
मी म्हटलं, थांब, बघतो,
आणि दिवा न लावता
चाचपडत सुई शोधू लागलो.